समुद्र काय पळून जातोय व्हय?

कोल्हापुरातल्या फुलेवाडीहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देते:

‘माझं माहेर देवगड तालुक्यातलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली. मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, रविवारचासुद्धा अर्धा दिवस तिकडेच जातो. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ. मुलगा शाळा, क्लास आणि मोबाईल यातून बाहेर येत नाही. चष्म्याचा नंबर यंदा पुन्हा वाढला. मला वाटतं महिन्यातून एक रविवार सगळ्यांनी मिळून समुद्रावर जावं. मोकळी हवा, चालणं, सगळ्यांच्याच तब्येतीला बरं. मिस्टर म्हणतात, “मे महिन्यात जातोय की. समुद्र काय पळून जातोय व्हय?” सासूबाईंना घाट लागतो आणि पाण्याची धास्ती आहे. माझे आई-वडील आता नाहीत, भाऊ मुंबईला, घराला कुलूप असतं. तरी गाडी घाटाखालच्या तळेऱ्याच्या पुढे गेली की मला बरं वाटायला लागतं. नियमित समुद्रावर गेल्याचे फायदे लिहाल का? मिस्टरांना वाचून दाखवीन.’

ताई,

फायदे लिहिते, पण वाचून दाखवायचा बेत तेवढा सोडा. तीस वर्षं कोल्हापूरच्या माणसाशी संसार करून सांगते, फायद्यांची यादी ऐकून आपल्याकडचा गडी गाडी बाहेर काढत नाही. तो स्वतःची यादी काढतो. जाऊन-येऊन पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, १६ चं ॲव्हरेज धरलं तर अठरा लिटर पेट्रोल, वर जेवणखाण, वर शॉपचा बुडालेला अर्धा दिवस. त्याची यादी रुपयांत आणि तुमची मोकळ्या हवेत. या भांडणात तुम्ही हरणार. म्हणून हे उत्तर तुमच्यासाठी आहे असं समजून वाचा.

समुद्राच्या नावावर खपतं पण समुद्राचं नाही, ते आधी बाजूला काढू. मुलाच्या चष्म्याचंच घ्या. मुलं रोज दिवसाउजेडी बाहेर राहिली तर चष्मा लागण्याची शक्यता कमी होते, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. घरात ट्यूबखाली उजेड दोन-चारशे लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजारांवर जातो, भर उन्हात लाखाच्या घरात. त्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन सुटतं आणि ते डोळ्याचा गोल लांबट व्हायला आळा घालतं, असं डोळ्यांचे डॉक्टर मानतात. आता यात दोन पाचरी आहेत. हा फायदा चष्मा लागायच्या आधी ठळक दिसतो. लागलेला नंबर उतरत नाही. म्हणजे थोरल्यापेक्षा धाकटीच्या कामाचा. आणि त्याला रोजचे दीड-दोन तास लागतात. महिन्यातून एकदा किनाऱ्यावर दहा तास काढून रोजची उधारी फिटत नाही. तेव्हा धाकटीला संध्याकाळी उजेड असेपर्यंत गल्लीत खेळू द्या, क्लास नंतर लावा. त्याला पेट्रोल लागत नाही.

ऊनही आपल्याकडे आहेच. आणि खाऱ्या हवेने दमा जातो, वाऱ्यातनं आयोडीन मिळतं वगैरे जे सांगत फिरतात, ते मी या सदरात लिहिणार नाही.

एक आकडा मात्र तुमच्या उपयोगाचा आहे. २०१९ साली इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, जवळपास वीस हजार लोकांचा. आठवड्याला निदान १२० मिनिटं बागेत, रानात, पाण्याकाठी अशी उघड्यावर घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. ती दोन तासांची बेरीज एका दमात केली काय आणि चार तुकड्यांत केली काय, फरक दिसला नाही. बरी माणसंच जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं, त्यामुळे मी याला औषधाची चिठ्ठी म्हणणार नाही. पण हिशेब ‘आठवड्याला’ मांडलाय, ‘मे महिन्याला’ नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मग समुद्रच कशाला, रंकाळा तलाव तर तुमच्या दाराशी आहे, असं तुमचे मिस्टर म्हणतील. आणि ते अर्धं बरोबर आहे. रंकाळ्याचं नंतर बोलू.

समुद्राचं म्हणून जे आहे ते असं. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला सपाट रस्त्याच्या जवळपास दुप्पट कष्ट पडतात, त्यामुळे मुलं न सांगता दमतात आणि रात्री नऊला आडवी होतात. नजरेला अडायला काही नसतं. दिवसभर वीतभर अंतरावर रोखलेले डोळे लांब बघायला लागले की डोळ्यातले ओढलेले स्नायू सैल पडतात. हे झालं शरीराचं. माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे: किनाऱ्यावर करायला काही नसतं. घरात प्रत्येकाची जागा ठरलेली. तुम्ही ओट्यापाशी, मिस्टर फोनवर, मुलगा दार लावून, सासूबाई टीव्हीसमोर. वाळूत कुणालाच जागा नाही. पहिला तासभर सगळे कंटाळतात. त्या कंटाळ्याच्या पलीकडे काय होतं ते बघायला मात्र पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि तिथेच मे महिन्याची सहल तोकडी पडते.

हे मी शिकले ते चुकून. आमचीही आधी एकच सहल असायची, वर्षातनं एकदा, दोन दिवसांत तीन बीच, एक किल्ला आणि एक देऊळ उरकायचं. परत येताना सगळे उन्हाने लाल आणि एकमेकांवर चिडलेले. मुलांना त्यातलं आज काय आठवतं विचारलं तर लॉजवरचा टीव्ही. पुढे यजमानांची दोन वर्षं रत्नागिरीला बदली झाली. दुसरी काही करमणूक नव्हती, म्हणून दर रविवारी संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जायचो. तोच किनारा, तीच सुरूची झाडं, डब्यात भडंग आणि थर्मासमध्ये चहा.

तिथे ओहोटीला ओल्या वाळूवर बारक्या खेकड्यांची भोकं दिसतात, तुम्ही लहानपणी बघितली असतील. शेंगदाण्याएवढा खेकडा. तो वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतो. भोकापासून एक रेघ सरळ, परत येऊन दुसरी रेघ. थोड्या वेळाने भोकाभोवती ठिपक्यांची रांगोळी होते. पाऊल वाजलं की खेकडा आत. मग न हलता बसायचं. आमचा थोरला तेव्हा सातवीत. तो आणि मी असे उकिडवे बसलेलो, दोघांचे डोळे त्या भोकावर, सहाव्या की सातव्या रविवारी. आणि तो खेकड्याकडेच बघत म्हणाला, ‘आई, मला वर्गात रोज एक जण मारतो.’ तीन महिने ते पोरगं गप्प होतं. घरी मी समोर बसवून, हनुवटी धरून ‘काय झालंय तुला?’ असं किती वेळा विचारलं होतं. ‘काही नाही’ याखेरीज उत्तर नव्हतं. तेरा-चौदाच्या मुलाला डोळ्याला डोळा देऊन बोलता येत नाही, शेजारी बसून दोघांनी तिसरीकडे बघत असलं की येतं. पहिल्या रविवारी नाही, सहाव्या-सातव्या.

आता तुमच्या पत्राकडे येते. मी ते तीनदा वाचलं. मुलाचा नंबर, मोकळी हवा, चालणं हे सगळं तुम्ही नीट, मुद्द्याला धरून लिहिलंय. आणि मग शेवटाकडे, जाता जाता, कुलपाचं वाक्य आणि तळेऱ्याच्या पुढे बरं वाटण्याचं वाक्य. ताई, पत्र त्या दोन वाक्यांचं आहे. बाकीचं वकीलपत्र.

आई-वडील गेले की बाईचं माहेर संपतं म्हणतात. तुमच्या बाबतीत घर बंद झालं, पण त्याच्यामागची समुद्राची गाज बंद झालेली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती ऐकत तुम्ही वाढलात. पंधरा वर्षं फुलेवाडीत राहताय, दाराजवळनं गगनबावड्याची एसटी जाते, ती ज्या रस्त्याने जाते तोच पुढे घाट उतरून तुमच्या गावाकडे जातो. रोज भाजीची पिशवी घेऊन तो रस्ता ओलांडताना काय होत असेल, ते माझ्यासारख्या पेठेत जन्मून पेठेतच नांदलेल्या बाईला नुसतं कल्पून समजायचं. मग तुम्ही हे मुलांच्या नंबराच्या आडून का मागताय? बायकांची ही सवयच आहे. स्वतःला हवं ते मुलांच्या नावावर मागायचं, आणि नवऱ्याने मुलांचा मुद्दा खोडला की आपलं मागणंही त्याच्याबरोबर खोडलं जातं. तुमचे मिस्टर नंबरावर वाद घालतील. ‘मला तिकडे गेलं की बरं वाटतं, मला दर दोन महिन्यांनी जायचंय’ यावर काय वाद घालणार? ‘समुद्र काय पळून जातोय व्हय’ हे त्यांनी मुलांच्या सहलीबद्दल म्हटलंय. तुमच्याबद्दल त्यांना कुणी विचारलेलंच नाही अजून.

दर दोन महिन्यांनी असं मी मुद्दाम म्हटलं. महिन्याला एक मागाल तर दोनदा जमेल, तिसऱ्यांदा ऑर्डर आडवी येईल आणि मोडेल. तसंही जून ते सप्टेंबर आपल्याला समुद्र नाहीच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात उतरायचं नाही हे तुम्हाला मी सांगावं का? दसऱ्यापासून मेपर्यंत चार खेपा, एवढंच मागा. आणि दर वेळी तुमच्याच गावचा किंवा कुणकेश्वरचा, एकच किनारा ठरवा. ‘या वेळी तारकर्ली, पुढच्या वेळी वेंगुर्ला’ सुरू झालं की सहल झाली, आणि सहल म्हणजे खर्च.

दिवस ठरवताना कॅलेंडरवरचा शनिवार आणि तिथी दोन्ही बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब तुमच्या वडिलांच्या तोंडी असणार. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकरा-बाराला भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी. उन्हं उतरलेली आणि किनारा लांबच लांब उघडा पडलेला. अष्टमीला गेलात तर उलटं, ऐन सहाला पाणी वर आलेलं आणि ओहोटी भर दुपारी बाराला, डोक्यावर ऊन घेऊन. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. नेमकी वेळ आता फोनवर मिळते. हे गणित मुलाला घालायला द्या. त्याच्या मोबाईलला तेवढंच एक चांगलं काम. आणि जवळच्या पौर्णिमेला गेलात तर सूर्य पाण्यात बुडताना सगळ्यांना एकदा मागे वळून बघायला सांगा. मागच्या सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या वर त्याच वेळी चंद्र येत असतो. घाटावरची माणसं समुद्राकडेच टक लावून बसतात आणि ते चुकवतात.

हे ओहोटीचं सासूबाईंसाठीही आहे. गुडघे दुखत असले तर कोरड्या वाळूत त्यांना चालवू नका, पाणी नुकतं मागे गेलेल्या घट्ट ओल्या वाळूवर त्या सहज फिरतील. पाण्यात पाऊल घालायचा आग्रह कुणीही करायचा नाही. एक घडीची खुर्ची न्या. घाटात त्यांना पुढच्या सीटवर बसवा, पोट तुडुंब भरलेलं नको आणि रिकामंही नको, एखादी भाकरी फार तर. निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून ठेवा. वय आणि चालू औषधं बघूनच ती देतात. घाट सुरू होण्यापूर्वी गगनबावड्यात दहा मिनिटं थांबा. आणि खरं सांगू का, त्यांना यायचं नसेल तर त्यांना घरी राहू द्या. एक दिवस घर त्यांच्या एकटीच्या ताब्यात मिळालं तर त्याही खूश असतील. मला तर आवडलं असतं.

त्यांची पाण्याची धास्ती मात्र हसण्यावारी नेऊ नका. गणपतीपुळ्याला बुडाल्याच्या बातम्या पेपरात येत राहतात, आणि नावं वाचली तर बहुतेक आपल्याच बाजूची, घाटावरची असतात. आपली पोरं विहिरीत आणि पंचगंगेत पोहायला शिकलेली, त्यांना वाटतं पाणी म्हणजे पाणी. समुद्राला ओढ असते हे त्यांच्या हिशेबात नसतं. गुडघ्यापलीकडे नाही, अंधार पडल्यावर नाही, आणि दारू घेतलेल्या माणसाने तर काठावरही रेंगाळायचं नाही. कुणी ओढीत सापडलंच तर काठाच्या दिशेने झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ संपली की मग काठाकडे. गावातला माणूस ‘इथे नको’ म्हणाला की तिथे नको, कारण विचारत बसायचं नाही. हे मिस्टरांना सांगायचं काम तुमचं. त्या वाळूवर तुम्ही जाणत्या आहात आणि ते पाहुणे, ही गोष्ट मुलांना एकदा दिसू दे. घरात गाडीचं, पैशांचं, कायकायचं सगळं बाबांना कळतं. इथे आईला कळतं. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे दिसले तर मुलांना घेऊन दोराला हात लावा. ओढणाऱ्याला वाट्याची मासळी देण्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तेरा वर्षांच्या मुलाने स्वतः ओढून मिळवलेले चार तारले घरी आणले की तो ते फोटो काढून मित्रांना पाठवणारच. पाठवू दे. मोबाईल काढून घ्यायचा असेल तर आधी मिस्टरांचा घ्या, नाहीतर मुलाच्या हातातला काढायचा तुम्हाला अधिकार नाही.

हे चार रविवार सोडून बाकीच्यांचं काय? आता रंकाळा. आठवड्यातनं दोनदा, तासभर, सगळ्यांनी. संध्यामठाच्या बाजूने चालत जायचं, एक कणीस खायचं आणि परत. तीच १२० मिनिटं भरतात. त्याला समुद्राची सर नाही हे मलाही कळतं. पण मुलाला शेजारून चालत बोलायची सवय इथे लागेल, आणि तिकडच्या पहिल्या तासाचा कंटाळा थोडा कमी होईल.

परतीचं एक राहिलं. दसऱ्यानंतर गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, पुष्कळांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. सूर्यास्त बघून त्याच रात्री घाट चढू नका. शनिवारी दुपारी निघा, संध्याकाळची ओहोटी गाठा, रविवारी सकाळी परत फिरा. दुपारी मिस्टरांना शॉपवर डोकावताही येईल. मुक्कामाला लॉज शोधू नका. मुंबईच्या भावाला फोन करा आणि किल्ली मागा. वर्षभर बंद घर दोन महिन्यांनी एकदा उघडलं, झाडलं, चूल नाहीतर गॅस पेटला तर त्याचंही बरंच आहे, तो नाही म्हणणार नाही. जाताना केरसुणी, दोन चादरी आणि मेणबत्त्या तेवढ्या न्या. मिस्टर बाहेर बाजेवर पडले आणि मुलं झोपली की बोलायचं ते तिथे बोला.